लहरींचा सातबारा कोणाच्या नावावर?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा ठराव झाला, ज्वारीच्या खरेदीचा झाला, विजेच्या बिलाचा झाला. आता रेडिओ आणि टीव्हीवर बोलायचे म्हटल्यावर मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. शेतकऱ्याच्या मेळाव्यात गाण्याबजावण्याचा विषय कशाला, असे काहींना वाटत असेल. विषय गाण्याबजावण्याचा नाही, मालमत्तेचा आहे. तुमची-आमची एक मालमत्ता आहे. तिचा लिलाव होतो, तिच्यावर कोट्यवधींचा धंदा चालतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हा विषय घेतला.

जमीन म्हटली की आपण पहिल्यांदा सातबारा काढतो. मालक कोण, वहिवाट कोणाची, इतर हक्कात कोणाचा बोजा, सगळे तिथे कळते. रेडिओ आणि टीव्हीचे कार्यक्रम ज्या लहरींवरून येतात त्यांचा सातबारा कधी कोणी काढला आहे? लहरीला कसला आला सातबारा, असे म्हणू नका. ज्या वस्तूचा लिलाव होतो तिला मालक असलाच पाहिजे.

लहर कशी वाटली जाते ते आधी समजून घेऊ. भावकीची सामाईक विहीर आपल्या ओळखीची आहे. सहा घरांची एक विहीर, पाणी बेताचे. सगळ्यांनी एकाच वेळी मोटारी चालू केल्या तर कोणाचेच भिजत नाही. म्हणून पाळी ठरते: सोमवार थोरल्याचा, मंगळवार धाकट्याचा. रेडिओच्या लहरींचे तसेच आहे. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. एका टापूत दोन केंद्रे एकाच आकड्यावर बोलू लागली तर दोघांचेही बोलणे ऐकू येत नाही, नुसती खरखर ऐकू येते. म्हणून हा आकडा याचा, तो आकडा त्याचा अशी वाटणी करावी लागते. वाटणी करायची म्हणजे वाटणारा कोणीतरी लागतो. सगळी मेख इथेच आहे. पाळी लावायला बसवलेला माणूस एक दिवस म्हणू लागला की विहीरच माझी, तर भावकी काय करेल?

आपल्या देशात तसेच झाले. इंग्रजांनी १८८५ साली तारेचा कायदा केला. त्या वेळी रेडिओचा जन्मही झाला नव्हता. पण त्या कायद्यातल्या सरकारच्या मक्तेदारीत पुढे रेडिओ आला आणि टीव्हीही आला. १९२७ साली मुंबईला एका खाजगी कंपनीने रेडिओ केंद्र काढले. तिचे १९३० मध्ये दिवाळे निघाले आणि कारभार सरकारकडे गेला. इंग्रज गेले, कायदा राहिला. ऐकणाऱ्यालासुद्धा परवाना लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओचे लायसन्स पोस्टात पैसे भरून काढावे लागे, ते इथल्या म्हाताऱ्या मंडळींना आठवत असेल. म्हणजे मालकाने आपल्याच विहिरीचे पाणी चाखायला फी भरायची! तो १८८५ चा कायदा जाऊन त्याच्या जागी दूरसंचाराचा नवा कायदा आला तो २०२३ मध्ये.

सरकारी रेडिओने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो त्या काळात खेड्यातल्या शेतकऱ्याला हवामान आणि वाणांची माहिती मिळायची ती बरीचशी आकाशवाणीवरूनच. दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागले की ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर आळी जमायची. पण या कार्यक्रमांतली बोलण्याची दिशा एकच होती. तज्ज्ञाने सांगायचे आणि शेतकऱ्याने मान डोलवायची. बियाणे कोणते, खत किती, फवारणी कधी हे सगळे सांगितले जायचे. निघालेला माल विकायचा कुठे, आणि त्याचा भाव खर्चाच्या खाली का, हा प्रश्न आला की संगीत सुरू. पिकवायला शिकवणारा रेडिओ विकण्याच्या वेळी मुका का होतो, हे कोडे आम्हाला पदवीच्या कागदाने उलगडले नाही. ते चळवळीत आल्यावर उलगडले.

आणि हे वेगळ्या तऱ्हेने करता येते, हे याच महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, ऐकून झाला की त्यावर आपसात बोलायचे, आणि पटेल ते करून पाहायचे. अर्ध्या तासात रेडिओ बंद झाला तरी बैठक चालूच. मंडळाच्या चिटणीसाने शंका आणि हरकती लिहून पुण्याला पाठवायच्या आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यायची. म्हणजे पत्राने का होईना, लहर दोन्ही दिशांनी वाहिली. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, त्यावर युनेस्कोने पुस्तक काढले. जिथे मंडळे होती त्या गावांत लोकांच्या माहितीत जी भर पडली, ती नुसता रेडिओ असलेल्या गावांत पडली नाही, असे पाहणीत निघाले. पेटी तीच होती. फरक पडला तो शेतकऱ्याला उलट विचारता आले म्हणून. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर काढायचे ठरले. मग सरकारी योजनेचे जे होते ते झाले. मंडळांचे आकडे वाढत गेले आणि बैठकी विरत गेल्या.

आणीबाणीत सगळ्या देशाने पाहिले की लहर सरकारच्या मुठीत असली म्हणजे काय होते. त्यानंतर वर्गीस समिती बसली, १९७८ मध्ये तिचा अहवाल आला की आकाशवाणी-दूरदर्शन सरकारपासून मोकळे करा. प्रसार भारतीचा कायदा व्हायला १९९० उजाडले, तो अमलात यायला १९९७. आपल्या पीकविम्याच्या फायलीसुद्धा यापेक्षा जरा जलद हलतात.

या सगळ्यात खरा सातबारा लिहिला गेला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, आणि तो निघाला क्रिकेटच्या भांडणातून. बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९९३ च्या हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन म्हणाले, या देशातून प्रक्षेपण करायचा अधिकार आमचाच. भांडण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, न्यायमूर्ती एस. मोहन आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांनी निकाल दिला. सावंतसाहेब आपले मराठी माणूस. निकालाचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा: लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकार तिचे मालक नाही. तिचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे. त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि सरकारच्या हातून काढून मूठभर पैसेवाल्यांच्या हाती देणे हाही उपाय नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात ऐकणाऱ्याचा हक्कही येतो; त्याला नाना बाजूंनी माहिती मिळाली पाहिजे. आणि म्हणून समाजाच्या सर्व थरांचे प्रतिनिधी असलेली, सरकारपासून स्वतंत्र अशी एक संस्था नेमून लहरींचा कारभार तिच्याकडे द्या.

सर्व थरांचे प्रतिनिधी म्हणजे त्यात कोरडवाहू शेतकरीही आला. ती संस्था कुठे आहे? १९९७ मध्ये प्रक्षेपणाचे एक विधेयक संसदेत आले, ते बारगळले. निकालात सांगितलेली संस्था आजवर झालेली नाही. निकालातला अर्धा भाग तेवढा सरकारने उचलला. आपली मक्तेदारी सैल केली आणि लिलाव पुकारला.

२००० च्या सुमारास एफएमचे पहिले लिलाव झाले, २००५ मध्ये दुसरा टप्पा, २०१५ मध्ये तिसरा. तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्याच फेरीत ५६ शहरांतल्या ९७ वाहिन्यांतून सरकारला अकराशे कोटींहून अधिक रुपये मिळाले. आपल्या टापूत नागपूर, अकोला, नांदेड, जळगाव इथे खाजगी एफएम आले. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत यवतमाळ आहे, वर्धा आहे, लातूर आहे.

आम्ही लिलावाच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. खाजगी मालकाच्याही विरुद्ध नाही. सरकारी एकाधिकाराने कापूस उत्पादकाचे काय केले ते आपण पाहिले आहे. सरकारी रेडिओचा एकाधिकार परत आणा असे आम्ही कशाला म्हणू? पण सामाईक विहिरीचे पाणी बोलीने द्यायचे तर बोली लावणाऱ्याला भावकीच्या अटी मान्य कराव्या लागतात. इथे अटी कोणी घातल्या? मालकाला कोणी विचारले?

खाजगी एफएमवर दिवसभर गाणी चालतात, बियाण्याच्या आणि औषधांच्या जाहिराती चालतात. बातम्या मात्र चालत नाहीत. मालकाला नको म्हणून नव्हे, सरकारची बंदी म्हणून. स्वतःच्या बातम्या द्यायला खाजगी एफएमला परवानगी नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. त्याच गावात वर्तमानपत्र बातमी छापते, टीव्हीच्या वाहिन्या चोवीस तास ओरडतात, त्याला हरकत नाही. वेचणीच्या बाईच्या कमरेला लावलेल्या फुकटच्या रेडिओवर मात्र बातमी धोक्याची! दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली.

आता नीट ऐका, हा मुद्दा गावोगाव सांगायचा आहे. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात सरकारने एक यादी दिली आहे. या गोष्टी बातम्या धरल्या जाणार नाहीत, त्या खाजगी एफएमने खुशाल सांगाव्यात. यादीत काय आहे? खेळांची माहिती. रहदारी. हवामान. सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रम. परीक्षा, निकाल, प्रवेश. नोकऱ्यांची माहिती. वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याचे इशारे यांबद्दलच्या, प्रशासनाने दिलेल्या सूचना. यादी शहरात बसून केली आहे हे ऐकताच कळते. चौकात गाड्या तुंबल्या हे सांगायची मुभा आहे. बाजार समितीत कापूस काय भावाने गेला, ते या यादीत नाही.

खुद्द यादीतच शेवटी सोय आहे की मंत्रालयाला वाटेल तेव्हा आणखी विषय घालता येतील. संसद नको, घटनादुरुस्ती नको. दिल्लीतल्या एका सहीने 'शेतमालाचे बाजारभाव' हे शब्द यादीत येऊ शकतात. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी दिवाळीच्या सुमारास गरजेपोटी दारातल्या खेडा खरेदीवाल्याला माल घातला त्यांच्या हाती त्यातले काय लागले, ते आम्ही सांगायला नको. गरज होती हे खरे. पण गाडीवाल्याला जिनिंगचा भाव फोनवर कळतो, सरकी तेजीत आहे की रुई हे कळते, आणि आपल्याला तो सांगेल तेच कळते, हेही तितकेच खरे. खुल्या बाजाराच्या गप्पा मारायच्या तर भाव दोन्ही बाजूंना कळला पाहिजे. एकाचे डोळे बांधून खेळलेला व्यवहार आम्ही खुला मानत नाही.

क्रिकेटचे बघा. लहरींचे भांडण क्रिकेटवरून सुरू झाले, आणि क्रिकेटची सोयही झाली. २००७ मध्ये संसदेने कायदा केला की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खाजगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचे, म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही सामना दिसेल. चांगला कायदा आहे, आम्हीही सामने पाहतो. सामन्याची धावसंख्या राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. कापसाचा भाव काय आहे?

आरोग्याच्या इशाऱ्यांचा उल्लेख आत्ता केला, त्यावर थोडे थांबतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी त्या साली डोक्याएवढी वाढली होती, गुलाबी बोंडअळीने उच्छाद मांडला होता, औषधांची मिश्रणे करून माणसे भर उन्हात फवारत होती. आम्ही कृषिशास्त्र शिकलेले आहोत. वाऱ्याच्या दिशेने फवारा, दोन औषधे मनाने मिसळू नका, उंच पिकात तोंडावर फवारा येतो, चक्कर आली की कपडे बदलून आधी दवाखाना गाठा, ही वाक्ये लांबलचक नाहीत. अर्ध्या मिनिटात सांगून होतात, एका जाहिरातीच्या वेळात. असा इशारा वऱ्हाडी बोलीत, पहिला रुग्ण दवाखान्यात आला त्या आठवड्यात, दर तासाला प्रत्येक केंद्रावरून गेला पाहिजे, अशी सक्तीची अट लिलावात का असू नये? आज असा इशारा देण्याची मुभा आहे, बंधन नाही. औषध विकणाऱ्याने मिनिटाचे पैसे मोजले की त्याला वेळ मिळतो. त्या औषधाने जीव जाऊ नये म्हणून वेळ हवा असेल तर तो कोणाच्या तरी मर्जीवर.

टीव्हीचे थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२२ च्या सरकारी नियमावलीप्रमाणे खाजगी वाहिन्यांनी रोज तीस मिनिटे सार्वजनिक हिताचे कार्यक्रम द्यायचे आहेत. आठ विषय दिले आहेत, त्यात शेती आणि ग्रामीण विकास आहे. लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत हेच त्याचे कारण दिले आहे. म्हणजे सातबारा सरकारने मान्य केला. जानेवारी २०२३ च्या सूचनेत मध्यरात्र ते पहाटे सहा हा वेळ धरला जाणार नाही असेही म्हटले. मग पाळले की नाही हे कोण सांगते? वाहिनीने स्वतःच दरमहा कळवायचे. चोराने स्वतःच पंचनामा लिहावा तसे. आठांपैकी कोणत्याही विषयावर तीस मिनिटे भरली की झाले, शेतीच्या वाट्याला शून्य आले तरी नियम पाळलाच. सरकारची स्वतःची किसान वाहिनी २६ मे २०१५ ला निघाली. २०२४ मध्ये तिच्यावर क्रिश आणि भूमी नावाचे, यंत्राने तयार केलेले निवेदक आणले. शेतकरी खरा, निवेदक खोटा.

काही तरुण म्हणतील, आता मोबाईल आहे, रेडिओ ऐकतो कोण? एक तर मोबाईलही लहरींवरच चालतो. २०१० च्या एका लिलावात त्याच लहरींचे सरकारला सदुसष्ट हजार कोटींहून अधिक मिळाले, आणि २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले ते याच मालमत्तेची खिरापत वाटली म्हणून. दुसरे, मोबाईलला दरमहा रिचार्ज लागतो, आणि त्यावर आलेला भाव खरा की कोणी उठवलेला हे कळत नाही. रेडिओवरून जे बोलले जाते त्याला बोलणारा जबाबदार असतो. आणि वेचणीला गेलेल्या वीस बाया एक रेडिओ ऐकू शकतात, मोबाईलच्या पडद्यावर वीसजणी डोके घालू शकत नाहीत.

स्वतःचे केंद्र काढता येते का, हा प्रश्न बहिणींनी मागच्या बैठकीत विचारला होता. येते. २००६ पासून स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे यांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू त्यात येतो. उदगीर-बीदरच्या पलीकडे, तेलंगणात जहिराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. तिथली जमीन आपल्यासारखीच कोरडवाहू, पिके ज्वारी-बाजरी आणि डाळी. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायांनी तिथे संघम रेडिओ चालवला. स्टुडिओ नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच उभा राहिला होता, पण परवाना नव्हता. दहा वर्षे त्या ध्वनिफिती तयार करून बैठकींतून ऐकवत राहिल्या. १५ ऑक्टोबर २००८ ला केंद्र सुरू झाले आणि उद्घाटनाला कोण आले? १९९५ चा निकाल देणारे न्यायमूर्ती सावंत. संध्याकाळी दोन तास, त्यांच्याच बोलीत, बियाण्याच्या गोष्टी, सणाची गाणी, शेतातले अनुभव. आपल्याकडे साताऱ्याच्या माणदेशात म्हसवडलाही महिलांचे केंद्र आहे.

पण सामुदायिक रेडिओवर फार भोळी आशा ठेवू नका. त्यांनाही स्वतःच्या बातम्यांची बंदी आहेच. पैशाची ओढाताण कायमची. २०२४ मध्ये जाहिरातीची मुभा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटे केली, पण दहा किलोमीटरच्या कोरडवाहू टापूत जाहिरात देणार कोण? तालुक्यात एखादी संस्था पाय रोवून उभी असेल तर तिने जरूर करावे, आम्ही कागदपत्रांना मदत करू. बाकीच्यांनी मोठ्या लहरीवरचा आपला हक्क सोडून छोट्या लहरीत समाधान मानू नये.

तर मेळाव्यापुढे ठराव असा मांडतो. बातम्या न धरण्याच्या यादीत शेतमालाचे बाजारभाव आणि आवक घालावी. नव्या शहरांत केंद्र घेणाऱ्यावर पेरणी, फवारणी आणि विक्रीच्या हंगामात ठरलेल्या वेळी भाव, हवामान आणि विषबाधेचे इशारे देण्याचे बंधन असावे. वाहिन्यांचे तीस मिनिटांचे मासिक हिशेब लोकांसाठी खुले करावेत. आणि १९९५ च्या निकालातली स्वतंत्र संस्था नेमावी, तिच्यावर कोरडवाहू शेतकऱ्यांचे प्रतिनिधी घ्यावेत.

ठरावाबरोबर पुरावा हवा. प्रत्येक तालुक्याने दोन माणसे आणि दोन बहिणी नेमाव्यात. पोळ्यानंतरचा एक आठवडा, सकाळी सहा ते रात्री दहा, पाळीपाळीने ऐकायचे. आपल्या टापूत ऐकू येणारे प्रत्येक केंद्र आणि घरात लागणाऱ्या दोन मराठी वाहिन्या. वहीत चार रकाने आखा: वेळ, काय लावले, किती मिनिटे, शेतीचे किती. जाहिरात शेतीच्या मालाची असली तरी ती जाहिरातीतच धरायची, शेतीत नाही. वह्या दसऱ्यापर्यंत जिल्हा कार्यालयात आल्या पाहिजेत. ज्यांच्या गावात आकाशवाणीचे जुने केंद्र पूर्वी लागायचे आणि आता लागत नाही, त्यांनी तसेही लिहा. कोणत्या वर्षापासून लागेनासे झाले तेही. नावे जेवणानंतर डावीकडच्या टेबलावर नोंदवायची आहेत.